लहान मुलं आणि घरची बिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याकडची. गेली अकरा वर्षं सिएटलच्या उत्तरेला राहते. घरी बिअर करायला लागून नऊ वर्षं झाली आणि आई होऊन सहा. मुलगी सहा वर्षांची आहे, मुलगा अडीच. पहिलं बाळ झालं की भांडीकुंडी गराजच्या कोपऱ्यात टाकून देणारे किंवा मिळेल त्या भावात विकून टाकणारे बरेच जण मी पाहिलेत. त्यांतल्या काहींनी आणि बाळाची वाट बघणाऱ्या काहींनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

मूल झाल्यावर हा छंद चालू ठेवता येतो का?

येतो, पण पूर्वीसारखा नाही. पूर्वी आमचा ब्रू डे, बिअर करायचा दिवस, म्हणजे शनिवारी सकाळी दहाला सुरुवात आणि चार वाजता शेवटचं भांडं पालथं. धान्यापासून बिअर करायची तर पाच-सहा तास जातातच. मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) तयार अर्क, वापरलं तर अडीच-तीन तासांत आटोपतं. घरात तान्हं बाळ असताना सलग सहा तास मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते झोपेत घालवावेत असं माझं मत आहे.

मग मी बिअरच्या कामाकडे जरा नीट पाहिलं. दळणं, तोलणं, यीस्ट घालणं, बाटल्या भरणं ही कामं कधीही, कितीही तुकड्यांत होतात. खरे जोखमीचे तास दोन-तीनच. पाणी तापायला लागल्यापासून गरम वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा धान्याचा गोड रस, झाकून बाजूला ठेवेपर्यंतचे. तेवढे तास मुलं झोपलेली तरी हवीत, नाहीतर दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर भांड्यापासून दूर. माझं आजोळ ऊसपट्ट्यातलं. गुऱ्हाळ लागलं की आम्हा पोरांना रस, काकवी, गरम गूळ सगळं मिळायचं, पण काहिलीजवळ कुणी फिरकू द्यायचं नाही. गुळव्या एरवी लाड करायचा आणि चुलवाणाच्या बाजूला पाऊल टाकलं की खेकसायचा. आमच्या घरात आता तोच नियम आहे.

एका दिवसाचं काम तुकड्यांत कसं करायचं?

आमचा नेहमीचा आठवडा सांगते. बुधवारी जेवणं झाली की मुलीबरोबर धान्य तोलून दळून ठेवते, वीस मिनिटांचं काम. गुरुवारी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, तोलून डब्यांत घालते, पाणी भरून ठेवते. सिएटलचं पाणी सीडर आणि टोल्ट नद्यांचं, अगदी मऊ, म्हणजे क्षार कमी, त्यामुळे चिमूटभर जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालावं लागतं. तेही तेव्हाच पुडीत बांधून ठेवते.

शुक्रवारी साडेआठला मुलं झोपतात. माझ्याकडे विजेवर चालणारं भांडं आहे, त्याला टायमर आहे. मुलांना गोष्ट सांगत असते तेव्हा नवरा खाली असतो आणि पाणी तापत असतं. नऊला धान्य पिशवीत घालून मॅश, म्हणजे ते गरम पाण्यात तासभर भिजत ठेवणं, ६६ ते ६८ अंश सेल्सिअसला. दहाला पिशवी उचलायची, निथळायची आणि उकळी आणायची. पूर्वी मी तासभर उकळायचे, आता तीस ते पंचेचाळीस मिनिटं. पेल मॉल्ट असेल तर त्यात काही बिघडत नाही. त्याहून फिका पिल्सनर मॉल्ट असेल तेव्हा मात्र पूर्ण तास उकळते, नाहीतर उकडलेल्या मक्यासारखा वास राहू शकतो. साडेअकराच्या आत वर्ट बंद डब्यात जातो आणि मी अंथरुणात. शनिवारी दुपारी धाकटा झोपला की यीस्ट घालते.

ही घडी बसायला मला चार-पाच खेपा लागल्या. पहिल्यांदा मी मॅश रात्रभर ठेवून सकाळी उकळायचा बेत केला होता. ते करणारे लोक आहेत, जमतंही, पण भांडं नीट गुंडाळलं नाही तर तापमान उतरतं आणि सकाळी आंबूस वास येतो. शिवाय सकाळी उकळायचं म्हणजे मुलं उठलेली. तो मार्ग मी सोडला.

गरम वर्ट रात्रभर तसाच ठेवला तर खराब होत नाही?

बंद ठेवला तर नाही. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअर मंडळींनी ही पद्धत रुळवली. तिकडे पाण्याची टंचाई, त्यामुळे वर्ट थंड करायला नळ सोडून बसणं परवडत नाही. उकळता वर्ट जाड, उकळतं सोसणाऱ्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ओतायचा, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचं आणि कॅन आडवा-उभा करून आतली सगळी बाजू त्या उष्णतेने निर्जंतुक होऊ द्यायची. सकाळपर्यंत आपोआप थंड होतो. हॉप्स गरम वर्टमध्ये जास्त वेळ राहिल्याने कडवटपणा थोडा वाढतो, म्हणून शेवटी घालायचे हॉप्स मी कमी करते.

एक गोष्ट मात्र सोडू नका. यीस्ट दुसऱ्या दिवशी घालाच. वर्टचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जास्त तितकं आम्ल कमी) साधारण पाचच्या वर असतो आणि हवाबंद, गोड, कमी आम्ल पातळ पदार्थात बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. आठवडाभर तसाच ठेवलेला वर्ट वापरू नये.

किती लीटरची बॅच करावी?

मी १९ लीटरवरून साडेनऊवर आले आणि परत गेले नाही. साडेनऊ लीटर म्हणजे साधारण चोवीस बाटल्या. भांडं एका माणसाला उचलता येतं, पाणी लवकर तापतं, लवकर निवतं, आणि बिअर फसली तर जीव तुटत नाही. ज्यांचं बाळ वर्षाच्या आत आहे त्यांनी ३.८ लीटर, म्हणजे एका गॅलनची करावी. स्वयंपाकाच्या गॅसवर, नेहमीच्या मोठ्या पातेल्यात होते. नऊ-दहा बाटल्या निघतात. एवढ्याशा बिअरसाठी एवढा खटाटोप का, असं लोक विचारतात. ज्या बाईने चार महिन्यांत स्वतःसाठी एकही गोष्ट सुरू करून संपवली नाही, तिला त्या नऊ बाटल्यांचं मोल कळतं.

मुलं जागी असताना, मी लक्ष ठेवून असेन तर, उकळायला ठेवलं तर चालेल का?

एकटे असाल तर अजिबात नाही. उकळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, मॅशकडे नसतं. ६६ अंशाला ते भांडं शांत दिसतं, वाफही फार नसते. त्या तापमानाच्या पाण्यात दोन सेकंद हात राहिला तरी मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजते. मुलांची कातडी त्याहून पातळ. आणि अडीच वर्षांचं मूल काय करतं? लोंबणारी वायर ओढतं, नळी ओढतं, नळाची तोटी फिरवतं.

माझ्याकडून एकदा चूक झालेली आहे. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. नवरा दुकानात गेला होता, मी अंगणात प्रोपेनच्या शेगडीवर उकळत होते, ती आत कार्टून बघत होती. आतून रडण्याचा आवाज आला म्हणून धावले. बोट दारात चेमटलं होतं. तिला घेऊन बाहेर आले तर उकळी उतू जाऊन शेगडीच्या पायांपर्यंत चिकट पाणी पसरलेलं, ज्योत विझलेली आणि गॅस तसाच चालू. एक कडेवर रडणारी, एका हाताने मी व्हॉल्व्ह बंद केला. काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर दोन मोठी माणसं घरात असल्याशिवाय किंवा मुलं झोपल्याशिवाय मी पाणीसुद्धा तापवलेलं नाही. प्रोपेनची शेगडी पुढे दिली देऊन. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती उघड्यावरच लावावी. गराजचं दार वर केलं म्हणजे उघड्यावर होत नाही, कार्बन मोनॉक्साइड साचतो.

तरी भाजलंच तर?

नळाखाली वीस मिनिटं साधं गार पाणी. बर्फ नको, हळद, तूप, टूथपेस्ट काही नको. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही. चेहरा, हात, सांधे, किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल तर सरळ ९११, अमेरिकेतला आणीबाणीचा क्रमांक.

भांडी निर्जंतुक करायचा सॅनिटायझर, धुवायच्या पावडरी यांचं काय?

कुलूपबंद कपाट, खांद्याच्या वर. भांडी धुवायची पावडर अल्कधर्मी असते, आम्लयुक्त सॅनिटायझरचा मूळ द्राव डोळ्याला आणि घशाला गंभीर इजा करतो. पातळ केलेला फेसाळ द्राव आपण निर्धास्त हाताळतो, त्यामुळे बाटलीतला मूळ द्राव किती जहाल आहे याचा विसर पडतो. उरलेला द्राव पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. अमेरिकेत विषबाधेसाठीचा चोवीस तासांचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे, तो माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आणि जे कुणी विचारत नाही ते मीच सांगते: हॉप्स तोलायचा छोटा काटा, डिजिटल थर्मामीटर, टायमर, यांत बऱ्याचदा बटणासारखी चपटी बॅटरी असते. मुलाने ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बसणारं असेल तरच ती वस्तू घरात ठेवा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक इमर्जन्सी गाठा.

फर्मेंटर (बिअर आंबते ते भांडं) कुठे ठेवावा?

जिथे १८ ते २० अंश स्थिर तापमान मिळेल, अंधार असेल आणि मुलाचा हात पोचणार नाही. काचेचा कारबॉय, म्हणजे मोठा बाटला, असेल तर तो आधी घराबाहेर काढा. ओल्या हातातून निसटलेल्या काचेच्या कारबॉयने मोठ्या माणसांच्या नसा कापल्या गेल्यात. प्लॅस्टिक किंवा स्टील घ्या. तोटी असलेला फर्मेंटर घ्यायचाच असेल तर तोटी भिंतीकडे करा. आमच्या धाकट्याला तोटी दिसली की ती फिरवलीच पाहिजे असं वाटतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

मुलांच्या झोपायच्या खोलीत फर्मेंटर ठेवू नये. १९ लीटर साध्या बिअरमधून साधारण चारशे लीटर कार्बन डायऑक्साइड निघतो. मोकळ्या घरात काही दिवसांत तो विरून जातो, पण बंद दाराच्या छोट्या खोलीत मूल झोपवण्याचं कारण नाही. केगसाठी, म्हणजे बिअरच्या पिंपासाठी, गॅसचा सिलिंडर असेल तर तोही भिंतीला साखळीने बांधलेला हवा.

बाटल्या खरंच फुटतात का?

आमच्या फुटल्या आहेत. धाकटा सोळा दिवसांचा होता. तो यायच्या आधी मी घाईघाईत एक बॅच बाटल्यांत भरली. आठवाच दिवस होता, बुडबुडे थांबले होते, ग्रॅव्हिटी, म्हणजे रसात किती साखर उरली ते, मोजायचा मला कंटाळा आला. आंबणं पुरतं झालेलं नव्हतं. वर फेसासाठी बाटल्यांत साखर घातली. पहाटे तीनला मी त्याला पाजत बसले होते आणि जिन्याखालच्या कपाटातून गोळी सुटल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. त्या कपाटात मुलीचे बूट आणि जॅकेट असायचे. सकाळी दार उघडलं तेव्हा तीन बाटल्यांचा चुरा झाला होता आणि काचेचा एक तुकडा तिच्या लाल गमबुटात पडलेला होता. मी तो बूट हातात घेऊन बराच वेळ तिथे जमिनीवर बसून राहिले.

तेव्हापासूनचे नियम: ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आल्याशिवाय बाटली भरायची नाही. साखर चमच्याने नाही, काट्यावर. १९ लीटरला साधारण ११५ ते १४० ग्रॅम मक्याची साखर, साडेनऊला त्याच्या निम्मी. भरलेल्या बाटल्या झाकणाच्या जाड प्लॅस्टिक खोक्यात, खोकं गराजमध्ये. एक बाटली प्लॅस्टिकची भरते. ती दाबून पाहिली की आतला दाब कळतो. आणि झोप झालेली नसेल त्या आठवड्यात बाटल्या भरतच नाही. बिअर फर्मेंटरमध्ये थांबते.

किती थांबते?

एअरलॉकमध्ये (गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेत) पाणी असलं तर साध्या बिअरला तीन-चार आठवड्यांनी काही होत नाही. मुलांच्या आजारपणात मी सात आठवड्यांनी भरलेली काळी बिअर उत्तम निघाली होती. हॉप्सचा वास हेच जिचं सर्वस्व, अशी आयपीए मात्र थांबत नाही, तिचा वास उतरतो. बाळ लहान असेपर्यंत आयपीए कमी करा.

गरोदर असताना किंवा अंगावर पाजत असताना हा छंद कसा सांभाळला?

गरोदरपणात मद्याचं कोणतंही सुरक्षित प्रमाण ठाऊक नाही, त्यामुळे दोन्ही वेळा नऊ महिने एक घोटही नाही. पण बिअर केली. नाकाने आणि हायड्रोमीटरने. चव नवरा घ्यायचा आणि मला सांगायचा. त्याचं वर्णन सुरुवातीला "छान आहे" एवढंच असायचं, मग मी त्याला प्रश्न विचारायला शिकले: कडवटपणा जिभेच्या मागे राहतो का, भाजलेल्या पावाची आठवण होते का. त्या काळात माझं नाक इतकं तिखट झालं होतं की त्यावेळच्या वहीतल्या नोंदी आजही मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात. जड उचलणं मात्र पूर्ण बंद.

पाजत असताना न पिणं सगळ्यांत सुरक्षित. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं म्हणणं असं की दिवसाला एका प्रमाणित पेयाने बाळाला अपाय होतो असं आढळलेलं नाही, पण त्यानंतर किमान दोन तास थांबून पाजावं. एक प्रमाणित पेय म्हणजे पाच टक्क्यांची ३५५ मिलिलीटर बिअर. आपल्या घरची सात टक्क्यांची मोठी बाटली म्हणजे एक पेय होत नाही, हे लक्षात ठेवा.

बिअरने दूध वाढतं ना?

नाही. दूध सुटण्याची क्रिया मद्यामुळे मंदावते आणि पुढच्या काही तासांत बाळाला दूध उलट कमी मिळतं. दुधासाठी अळिवाची खीर खा.

रात्री मूल आजारी पडलं तर?

म्हणूनच आमच्या घरात रोज रात्री एक जण कोरडा असतो. ज्याने घेतलेली नाही तो गाडी चालवणार, तोच रात्री उठणार. आणि ज्याने घेतली आहे त्याने बाळाला शेजारी घेऊन झोपायचं नाही, सोफ्यावर तर मुळीच नाही. मद्य घेतलेल्या माणसाची झोप जड असते आणि त्यातून तान्ही बाळं गुदमरलेली आहेत. आपल्याकडे बाळ कुशीत घेऊन झोपण्याची रीत आहे, म्हणून हे ठळकपणे सांगावंसं वाटतं.

दुसरं, बिअरच हलकी करा. इंग्लंडची डार्क माइल्ड ही लहान मुलांच्या आईबापांसाठीच जणू बनलेली बिअर आहे: तीन ते साडेतीन टक्के, स्वस्त, दोन आठवड्यांत भरायला तयार. साडेनऊ लीटरला माझं प्रमाण असं: मॅरिस ऑटर मॉल्ट १३५० ग्रॅम, मध्यम गडद क्रिस्टल मॉल्ट १२० ग्रॅम, चॉकलेट मॉल्ट (गडद भाजलेला, त्यात चॉकलेट नसतं) ७० ग्रॅम. ६८ अंशाला मॅश. उकळीच्या सुरुवातीला ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स १५ ग्रॅम. सुकं इंग्लिश यीस्ट, अर्धं पाकीट. चहाबरोबरच्या बिस्किटासारखी चव येते.

जोडीदार नाराज असतो. काय करू?

तुमची बॅच त्याला किती तासांना पडते, ते आधी मोजा. तुम्ही पातेल्यापाशी सहा तास असता तेव्हा दोन मुलांचं खाणं, शी-शू, भांडणं एकटा माणूस निस्तरत असतो. ते तास तुम्ही घेतलेले असतात, परत करावे लागतात. आमच्याकडे माझा शुक्रवार रात्रीचा वेळ आणि नवऱ्याची रविवार सकाळची लांब पल्ल्याची दौड यांची अदलाबदल आहे. तो पळायला जातो तेव्हा मी त्याला एकदाही फोन करून "कधी येतोस" विचारत नाही, आणि तो शुक्रवारी रात्री मला धुणं घडी करायला हाक मारत नाही.

बऱ्याच घरांत भांडण वेळेवरून नसतंच, पसाऱ्यावरून असतं. सकाळी दुधाची बाटली धुवायला जावं आणि सिंकमध्ये हॉप्सचा गाळ असावा, हे कुणालाही सहन होणार नाही. भांडी त्याच रात्री धुवा. ब्रूचं सामान धुवायचा ब्रशसुद्धा वेगळा ठेवा.

आई-वडील, सासू-सासरे राहायला आलेत. त्यांना कसं सांगू?

माझी आई दुसऱ्या बाळंतपणाला सहा महिने आली होती. तिच्या भावाचं, माझ्या मामाचं आयुष्य दारूने गेलेलं. "घरात दारू गाळतेस, आणि तीही लेकुरवाळी असून?" असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. मी वाद घातला नाही. बापाने केली असती तर कौतुक झालं असतं, हे मनात आलं, पण तेही बोलले नाही, कारण तिची भीती खोटी नव्हती.

मी तिला वही दाखवली. कधी केली, किती बाटल्या झाल्या, कुणी कधी प्यायल्या, सगळी नोंद. आठवड्याला आमच्या दोघांत मिळून पाच-सहा बाटल्या जातात, बाकी मित्रांकडे. मग एका शुक्रवारी ती स्वतःहून पातेल्यापाशी येऊन उभी राहिली. मॅशचं झाकण काढलं तशी म्हणाली, "खपली गव्हाच्या खिरीचा वास येतोय." उकळीवर फेस आला तेव्हा तिने माझ्या हातातून झारा घेतला आणि काहिलीतली मळी काढतात तसा तो काठाकाठाने काढला. ती बिअरला कधीच तोंड लावणार नाही आणि तिला तो छंद आवडतो असंही मी म्हणणार नाही. पण परत जाताना तिने तो झारा घासून माझ्या ब्रूच्या भांड्यांत ठेवला, स्वयंपाकाच्या नाही.

तुमच्या घरी हे पटलं नाही तर ते आहेत तोवर बंद ठेवा. सुकं यीस्ट फ्रिजमध्ये टिकतं, हॉप्स हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये, न दळलेलं धान्य घट्ट डब्यात वर्षभर. सहा महिन्यांनी सगळं तसंच असेल.

मुलांना हातभार लावू द्यावा का?

थंड कामात जरूर. माझी मुलगी धान्य तोलते, आकडे वाचते, गिरणीचा दांडा माझ्याबरोबर फिरवते, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर चित्र काढते. मॉल्टचे दाणे चावून बघते: हा बिस्किटासारखा, हा कॉफीसारखा, हा करपलेला. मॅशमधला गोड रस वेगळा उकळून, गार करून तिला वाटीभर देते. त्यात हॉप्सही नसतात आणि मद्यही नसतं. यीस्ट भिजवल्यावर ते फुगताना बघायला दोघंही स्टुलावर चढतात. इडलीचं पीठ, दही, पाव आणि बिअर यांच्यामागे डोळ्यांना न दिसणारे जीव काम करतात, हे तिला सहाव्या वर्षी नीट माहीत आहे.

तयार बिअरचा थेंबही मुलांना नाही. "नुसती चव" म्हणूनही नाही. लहान मुलांची रक्तातली साखर मद्याने धोकादायक रीतीने उतरू शकते. पाहुणे गेले की अर्धवट ग्लास त्याच रात्री रिकामे करा. सकाळी आपल्याआधी मुलं उठतात.

मुलीने शाळेत "आई बिअर करते" असं सांगितलं. लाज वाटली.

आमच्याकडेही झालं. बाईंनी विचारल्यावर मी सांगितलं, हो, घरी करते, आमच्याकडे कायद्याने चालतं आणि सामान कुलपात असतं. तेवढ्यावर विषय मिटला. लपवाछपवी केली तर मुलं त्यातून वेगळाच अर्थ काढतात. मुलीला मी सांगितलंय की ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे, वाढत्या मेंदूला ती इजा करते, आणि मोठ्यांनाही जास्त झाली तर आजार होतो. मामाआजोबांचं काय झालं तेही तिला तिच्या वयाला कळेल एवढं माहीत आहे.

मुलं झोपली की रोज एक उघडावीशी वाटते. हे जास्त होतंय का?

हा प्रश्न विचारलात, तेव्हा त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. घरात वीस लीटर बिअर आयती असणं हा या छंदाचा सगळ्यांत मोठा धोका आहे, आणि लहान मुलांच्या आईबापांचा थकवा त्याला खतपाणी घालतो. महिनाभर पूर्ण थांबून बघा. थांबता आलं नाही, किंवा थांबायच्या विचाराने चिडचिड झाली, तर भांडी कुणाला तरी देऊन टाका आणि मदत घ्या. अमेरिकेत १-८००-६६२-४३५७ हा मोफत, गोपनीय क्रमांक आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आमच्या मामाला तिथे न्यायला घरच्यांनी फार उशीर केला. छंद नंतरही सापडतात.

आम्ही पुण्यात राहतो. घरी करू शकतो का?

नाही. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरी पिण्यापुरतं का असेना. मुलं पदरात असताना ही जोखीम घेऊ नका. आंबवण्याची आवड असेल तर कांजी, दही, आंबोळ्या, खमिराचा पाव यांत जन्म जाईल इतकं शिकण्यासारखं आहे.

आणि अमेरिकेत?

१९७८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या बिअरवरचा केंद्रीय कर उठला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १०० गॅलन, विकायची नाही. आपल्या राज्याचे नियम वेगळे पाहावेत. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ मध्ये परवानगी दिली. मद्य ऊर्ध्वपातनाने गाळणं हा पूर्ण वेगळा विषय, त्याला या सवलती लागू नाहीत.

मुलांसकट करता येईल असं काही आहे का?

वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्याची सहल. अमेरिकेतले जवळपास तीन-चतुर्थांश हॉप्स त्या एका खोऱ्यात पिकतात, आमच्या घरापासून गाडीने अडीच-तीन तासांवर. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर काढणी चालते. तारांवर साडेपाच मीटर उंच चढलेल्या वेलींच्या रांगांमधून मुलं धावतात आणि संध्याकाळी त्यांच्या हातांना पिवळी, चिकट पूड आणि संत्र्याच्या सालीसारखा वास असतो. ओले हॉप्स चोवीस तासांच्या आत भांड्यात जायला हवेत, नाहीतर कुजायला लागतात. म्हणून रविवारी दुपारी ते आणते आणि त्याच रात्री मुलं झोपल्यावर उकळते, सोमवारी सुट्टी टाकून. सुक्या हॉप्सच्या पाच-सहापट वजनाचे ओले लागतात. घरात कुत्रा असेल तर हॉप्स, ओले, सुके किंवा वापरलेले, त्याच्या वाऱ्यालाही ठेवू नका. कुत्र्यांना त्याने जीवघेणा ताप चढतो.

मॅशनंतर उरलेलं धान्य टाकून देता का?

थोडं बागेत जातं, बाकीच्याचं थालीपीठ. शुक्रवारी रात्री पिशवी निथळली की दोन वाट्या चोथा लगेच फ्रिजमध्ये ठेवते, बाहेर ठेवला तर सकाळपर्यंत आंबतो. त्यात हॉप्स पडलेले नसतात, कारण ते नंतर जातात. सकाळी मिक्सरमधून अगदी बारीक काढते, कारण जवाची टरफलं घशाला टोचतात. धाकट्याला मी ते दोन वर्षांचा होईपर्यंत दिलंच नाही. एक वाटी वाटलेल्या चोथ्याला दोन वाट्या भाजणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, ओवा, तिखट, मीठ. चोथ्याला पाणी असतं, म्हणून भिजवताना वरून पाणी बेतानेच. ओल्या फडक्यावर थापायचं, नेहमीपेक्षा जरा जाड, नाहीतर तव्यावर टाकताना तुटतं. मधली भोकं पाडायचं काम मुलीचं, फडकं ओट्यावर असतानाच. ती दर वेळी पाच पाडते, आणि धाकटा स्टुलावर उभा राहून ती मोजतो.